कानातली थोरली, पुस्तकातली थोरली

पुस्तकाचं पहिलं प्रकरण संपायच्या आत मला त्याची शिसारी आली, आणि तरी मी ते शेवटपर्यंत वाचलं. तेही मोठ्याने, माझ्या सासूला. का वाचलं हे सांगायचं तर आधी आमच्या घराबद्दल सांगायला हवं.

मी कोडोलीची. कोल्हापुरात कॉलेज केलं आणि लग्न होऊन हुपरीत आले. हुपरीत घरोघरी चांदीचं काम चालतं. आमच्या घरात पैंजण होतात. पुढच्या खोलीत नवरा आणि दीर तारेपासून साखळ्या करतात, मधल्या खोलीत मी आणि सासूबाई बसतो. कड्या चिमट्याने जोडायच्या, घुंगरू अडकवायचे, बारक्या ज्योतीवर जोड पक्का करायचा. ह्या कामात मान वर काढता येत नाही. हात अडकलेले, डोळे अडकलेले. मोकळं काय राहतं, तर कान आणि तोंड. आणि तोंडाने आम्ही दोघी एकमेकींशी बोलत नव्हतो.

भांडण झालेलं नव्हतं. भांडण असतं तर निदान काही बोललो तरी असतो. त्यांना शिकलेली सून नको होती, मला चांदीचं काम नको होतं, आणि दोघींच्या पदरात नको तेच पडलं होतं. मग ‘चिमटा द्या’, ‘ताट वाढू का’, ‘व्हय’, ‘न्हाय’ एवढ्यावर आमची कितीतरी वर्षं निघाली. मी त्यांना आत्याबाई म्हणते. त्या मला काहीच म्हणत नसत. हाक मारायची वेळ आली तर नुसतं ‘अगं’.

माझी धाकटी बहीण कोडोलीत असते. तिने एकदा फोनवर एक पॉडकास्ट पाठवला. ऐक, तुझ्या कामात बरा आहे, म्हणाली. मी फोन घुंगरांच्या डब्याला टेकवून ठेवला आणि सुरू केला. आधी नुसता गिरणीचा पट्टा फिरल्याचा आवाज. बराच वेळ तोच. मग एक बाई म्हणाली, ‘थांब की जरा, आत्ता तर आलो मी.’

सासूबाईंचा हात थांबला. काम चालू असताना त्यांचा हात थांबलेला मी त्याआधी पाहिला नव्हता. त्यांनी विचारलं, ‘ही बाय कुठली गं?’

कामाशी संबंध नसलेला, त्यांनी मला विचारलेला तो पहिला प्रश्न.

गोष्ट अगदी साधी होती. एका गावात दोन जावा पिठाची गिरण चालवतात. थोरली कमी बोलते. धाकटी सीमेपलीकडची, ती थोरलीला अक्का म्हणते आणि रागावली की तोंडातल्या तोंडात कानडीत पुटपुटते. लोक दळण घेऊन येतात, उभ्या उभ्या चार गोष्टी बोलतात, पीठ घेऊन जातात. काही भागांत तर काहीच घडायचं नाही. एक अख्खा भाग वीज गेलेली असतानाचा होता. गिरण बंद, दोघी अंधारात बसून लाइटची वाट बघतायत, एवढंच. धाकटी विचारते, ‘अक्का, भावजी कुठं गेले वो?’ थोरली गप्प. बाहेर कुत्रं भुंकतं. मग थोरली म्हणते, ‘चाळण उचलून ठेव, पायात येईल.’ तो भाग आम्ही पुन्हा पुन्हा ऐकला. थोरलीचा नवरा कुठे गेला हे शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही आणि आम्हाला ते कळायची गरजही वाटली नाही. तिच्या गप्प बसण्यातच तो होता.

आणि ती भाषा. आमच्याकडे बायका ‘मी आलो’, ‘मी जेवलो’, ‘मी गेलतो’ असंच बोलतात. मीही बोलायची. कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात बाईंनी हजेरी घेताना उशीर का झाला विचारलं, तर मी म्हटलं, ‘कोडोलीसनं आलो.’ सगळा वर्ग हसला. बाईही हसल्या आणि म्हणाल्या, तू मुलगा आहेस का? त्या दिवसापासून मी ‘आले’ म्हणायला शिकले. माहेरी गेले की ‘आलो’, बाकी सगळीकडे ‘आले’. इतकी वर्षं हे दोन वेगळे डबे मी सांभाळले होते. त्यामुळे फोनमधून एक बाई बिनधास्त ‘आलो’ म्हणाली, तेव्हा मला काय झालं ते शब्दात सांगता येत नाही. छातीवरचा दगड कुणीतरी न विचारता उचलला असं वाटलं.

त्या पॉडकास्टमुळे आम्ही बोलू लागलो. आधी थोरली-धाकटीबद्दल, मग त्यांच्यावरून गावातल्या कुणाकुणाबद्दल, मग आपल्याबद्दल. शेवटच्या भागात थोरली सकाळी गिरणीची किल्ली काट्याच्या पारड्यात ठेवते आणि एसटीला जाऊन उभी राहते. धाकटी येते, किल्ली बघते, काही बोलत नाही, गिरण सुरू करते. पट्ट्याचा आवाज येत राहतो. संपलं. ह्यावर आमचा रोज वाद व्हायचा. मी म्हणायची, ती परत यायची नाही. सासूबाई म्हणायच्या, ‘किल्ली ठेवून गेली म्हंजे यायचीच की. न येणारं माणूस किल्ली घिऊन जातंय.’ आमच्यातला तो वाद मला फार आवडायचा. संपू नये असं वाटायचं.

मग ह्या पॉडकास्टवर कादंबरी आली. जिने पॉडकास्ट लिहिला होता आणि थोरलीचा आवाजही दिला होता, तिनेच ती लिहिली होती. मी कोल्हापूरला शाहूपुरीत जाऊन पुस्तक घेतलं. दुकानातच मुखपृष्ठ बघून मी पुस्तक आधी पालथं ठेवलं. नाकात एवढी मोठी नथ घातलेली बाई, कपाळावर आडवं कुंकू, मागे डोंगरावर किल्ला आणि खाली मिरच्यांचा ढीग. पिठाच्या गिरणीत नथ घालून कोण बसतं? थोरलीच्या आवाजात तर नाक मोकळं ऐकू यायचं. पण मुखपृष्ठ लेखिकेच्या हातात नसतं असं मी कुठेतरी वाचलं होतं. ते मी स्वतःला सांगितलं आणि पुस्तक पिशवीत टाकलं.

सासूबाईंना वाचनाची सवय नाही, आणि बारीक कामाने डोळेही गेलेत. म्हणून दुपारी त्या काम करायच्या आणि मी माझं काम बाजूला ठेवून वाचायची, असं ठरलं.

‘“व्हय,” ती होकार देत म्हणाली.’ हे पहिल्याच पानावर. पुढे, ‘“न्हाय,” तिने ठाम नकार दिला.’ पावणं ह्या शब्दाखाली तळटीप, की कोल्हापूर भागात अनोळखी माणसाला आदराने असं म्हणतात. जणू आम्ही कुठल्या जंगलात सापडलेलो लोक आणि आमच्या गळ्यात पाट्या अडकवायला हव्यात. थोरलीचं हसणं झणझणीत, नजर झणझणीत, उन्हाळाही झणझणीत. ती रांगडी, तिची चाल रांगडी, गिरणसुद्धा रांगडी. दर काही पानांनी कुणीतरी तांबडा रस्सा भुरकत होतं. एकदा तर दळणाला आलेला माणूस गिरणीत उभा राहून रस्सा पितो. सासूबाई काम न थांबवता म्हणाल्या, ‘पीठ उडतंय तिथं रस्सा?’ आम्ही दोघी हसलो, पण माझं हसू आतून किळसलेलं होतं.

सगळ्यात वाईट म्हणजे थोरली आता ‘मी आले’ म्हणत होती. ‘मी आले’, ‘मी जेवले’. ‘हाय’ आणि ‘न्हाय’ तेवढे ठेवले होते, फोडणीत कढीपत्ता टाकावा तसे. खालचा ‘आलो’ काढून टाकला होता. मला ते वाचताना पुन्हा त्या वर्गात उभी असल्यासारखं झालं, फक्त ह्या वेळी हसणाऱ्यांत थोरलीसुद्धा होती.

मी वाचता वाचता बदल करू लागले. ‘आले’ला ‘आलो’ करायचं, ‘होकार देत’ गाळायचं, रस्सा ओलांडून पुढे जायचं. सासूबाईंच्या ते लगेच लक्षात आलं. ‘मधी मधी अडखळतीस कशाला? हाय तसं वाच की,’ म्हणाल्या. मग मी जसं होतं तसं वाचलं. वीज गेलेल्या त्या रात्रीचं प्रकरण आलं. अंधारात आता एक हात येतो, धाकटीचं तोंड दाबतो, थोरली कोयता उचलते, रक्ताच्या चिळकांड्या उडतात. आणि नवरा कुठे गेला तेही सांगून टाकलेलं. दारू प्यायचा, मारायचा, विहिरीत पडला, थोरलीने त्याला पडताना पाहिलं आणि हात दिला नाही. ज्या गप्प बसण्यात आम्ही इतके महिने राहिलो होतो, त्यात कुणीतरी बुटासकट पाय घालून चिखल केला होता. मी पुस्तक मिटून उठले आणि चूळ भरून आले. खरंच, तोंडाला चव आली होती कसलीतरी.

शेवटच्या प्रकरणात थोरली परत येते. पाडव्याच्या दिवशी. गुढीजवळ उभी राहते, धाकटी हातातलं ताट टाकून धावते, मिठी मारते, सगळं गाव जमतं, गिरण आपोआप सुरू झाल्यासारखी वाटते. ‘जात्यात जणू काळच दळला जात होता,’ असं एक वाक्य आहे. गिरणीत जातं कुठून आलं कोण जाणे. मी ते वाक्य वाचून सासूबाईंकडे बघितलं, म्हणजे दोघींना मिळून हसता येईल. त्या पदराने डोळे पुसत होत्या.

‘ते परत वाच,’ म्हणाल्या.

मी म्हटलं, ‘हे खोटं हाय, आत्याबाई. ती आली नसती.’

‘असू दे. वाच.’

मी वाचलं, पण फार वाईट आवाजात, आणि त्या क्षणी मला त्यांचीही चीड आली. इतके दिवस आम्ही एकत्र जे ऐकलं, त्यातून ह्यांना हेच हवं होतं तर, असं वाटलं. पुढे काही दिवस आमच्यात पुन्हा ‘चिमटा द्या’ सुरू झालं.

त्यातच शाहूपुरीतल्या एका सभागृहात त्या लेखिकेचा कार्यक्रम असल्याचं बहिणीने कळवलं. मला जाऊन भांडायचं होतं. सासूबाई म्हणाल्या, मी बी येतो. आम्ही दोघी कोल्हापूरच्या एसटीत बसलो आणि संध्याकाळी तिथे पोचलो. खुर्च्या, समया, बाहेर पुस्तकांचं टेबल, सगळं नेहमीसारखं. लेखिका व्यासपीठावर आली, नमस्कार म्हणाली, आणि माझ्या अंगावर काटा आला. आवाज थोरलीचाच होता. पण बोलणं दुसऱ्याच कुणाचं. आपल्या मातीचा रांगडा गोडवा मराठीभर पोचवायचा होता, असं ती सांगत होती. लोक टाळ्या वाजवत होते. तेही आमच्याच भागातले लोक, हे मला जास्त लागलं.

प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा मी उभी राहिले. मी म्हटलं, ‘पॉडकास्टमध्ये थोरली “मी आलो” म्हणायची. पुस्तकात “मी आले” म्हणते. ती कधी बदलली?’

ती हसून म्हणाली की छापलेलं वाचताना बाहेरच्या वाचकाला ती छपाईची चूक वाटेल, म्हणून तेवढं सारखं करून घेतलं. सभागृह हसलं. मोठ्याने नाही, पण हसलं. माझे कान तापले. चूक. आमची आई, आजी, मावश्या, सगळ्या मिळून एक छपाईची चूक. मी खाली बसले.

तेवढ्यात शेजारी सासूबाई उठल्या. माईकवाला त्यांच्याकडे यायच्या आतच त्यांनी विचारलं, ‘ती परत आली हे तुमाला ठावं हाय, का नुस्तं लिवलंय?’

कुणी हसलं नाही. मग ती बोलली ती थोरलीसारखी बोलली, आणि मला नाही वाटत की तिने ते ठरवून केलं.

‘न्हाय वो मावशी. मला काय ती परत आल्याली दिसली न्हाय. पुस्तक तसं संपवायला लागलं.’

‘बरं,’ म्हणून सासूबाई खाली बसल्या.

कार्यक्रम संपल्यावर ती आमच्याकडे आली. मला म्हणाली, ‘ताई, माझी आई पण आलोच म्हणती.’ मग का काढलंस, असं मी विचारलं. तिने सांगितलं की पहिलं हस्तलिखित तसंच होतं, अंधारातला भागही तसाच होता, त्यात कुणाचा हात आलेला नव्हता. कुणी छापायला तयार होईना. मग ती एकेक गोष्ट बदलत गेली, आणि शेवटी पुस्तक निघालं. हे सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती, सासूबाईंकडे बघत होती. मला तिची कीव आली, पण राग कमी झाला नाही. खरं तर वाढला. न कळता बिघडवलं असतं तर मी सोडून दिलं असतं. हिला प्रत्येक ठिकाणी आपण नक्की काय मारतोय ते माहीत होतं. मी सही न घेता निघाले. सासूबाईंनी तिच्या गालावरून हात फिरवला. तेही मला आवडलं नाही.

परतीच्या एसटीत त्या खिडकीशी बसल्या होत्या. गाव जवळ आलं तेव्हा आपणहून बोलू लागल्या. त्यांची थोरली जाऊ होती. मला ठाऊक होती, पण लग्नकार्यात लांबून दिसणारी एक बाई एवढीच. कधीकाळी ह्याच मधल्या खोलीत त्या दोघी मिळून कड्या जोडायच्या. मग वाटण्या झाल्या, थोरलं घर रेंदाळला गेलं. तरीही येणंजाणं होतं. त्या जावेच्या मुलीच्या लग्नात हळदीला बोलवायला कुणी आलं नाही, नुसती पत्रिका पोचली, तिथून सगळं तुटलं. रेंदाळ हुपरीला अगदी चिकटून आहे. बायका बाजाराला चालत येतात तिथून.

‘तिनंच यायला पायजे म्हणून मी बसलो,’ त्या म्हणाल्या. ‘पुस्तकातली आली, तवा गोड वाटलं. आता लिवणारीच म्हणती न्हाय आली.’ पिशवी मांडीवर ओढून म्हणाल्या, ‘मग आपनच जायाचं की.’

त्या रविवारी आम्ही रेंदाळला गेलो. मिठी वगैरे काही झाली नाही. जावेने दार उघडलं, बघितलं, ‘बसा’ म्हणाली आणि आत गेली. चहा आला. गुडघे, साखर, गावात कोण गेलं, कोण राहिलं, एवढं झालं. मग सासूबाईंनी हळदीचा विषय काढला आणि दोघी जोरात भांडू लागल्या. पत्रिका कुणी आणली, कुणी घेतली, कोण दारात उभं होतं, कुणी पाणी विचारलं नाही. माझ्या लग्नाआधीच्या गोष्टी त्यांना जशाच्या तशा पाठ. शेजारच्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. मला लाज वाटत होती, उठावं असं वाटत होतं. बोलून बोलून घसा बसल्यावर जाऊ म्हणाली, ‘भाकरी टाकल्यात, जेवून जा.’ सासूबाई नको म्हणाल्या. मग जेवल्या. दोघी शेजारी बसून एकमेकींकडे न बघता जेवल्या. निघताना कुणी कुणाला परत ये म्हटलं नाही.

पण आता दुपारी तिचा फोन येतो. सासूबाई तो घुंगरांच्या डब्याला टेकवून ठेवतात आणि हात चालू ठेवून बोलतात. अजून निम्मा वेळ भांडणच असतं. मी शेजारी बसून कड्या जोडते. पुस्तकाने हे केलं असं बहीण म्हणते. तिला ती कादंबरी आवडली, आणि त्यावरून आमचं वाजलं. मी तिला सांगितलं, पुस्तकाने काही केलेलं नाही. त्या बाईने भर सभेत खरं सांगितलं, म्हणून सासूबाई रेंदाळला गेल्या. बहीण म्हणाली, पण ते पुस्तकच नसतं तर ती बाई तिथे उभी कशाला राहिली असती? तिचं म्हणणं खरं असेलही, म्हणून पुस्तक मला चांगलं वाटू लागलंय असं नाही. मध्ये एकदा उघडून बघितलं. तोच रस्सा, तीच तळटीप, तोच कोयता. फक्त एका पानावर, धाकटी एकटीच चाळण झाडत बसलेली असते, तिथे लेखिकेच्या हातून दोन ओळी जुन्या राहून गेल्यात. त्या वाचल्या की गिरणीचा पट्टा ऐकू येतो. म्हणून मी ते रद्दीत टाकत नाही.

परवा फोनवर सासूबाईंच्या जावेने मला बोलावून घेतलं आणि विचारलं की तू हिला काय वाचून दाखवतीस. मी म्हटलं, एक वाईट पुस्तक होतं.

‘मग यीताना घिऊन ये,’ ती म्हणाली. ‘मला बी ऐकव.’

मी बरं म्हटलं. अजून नेलेलं नाही.